चालवून पाहिले? लागू नाही

काटेकोरांनी पहिला शेरा मारला तो पूर्णविरामावर.

‘पॅकेजच्या एका ओळीच्या वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम आढळला. नियमानुसार तो नसावा. काढून पुन्हा सादर करावे.’

हे पॅकेज कसलं, आणि एका टिंबाशी एवढ्या शहाण्या माणसाचं काय वाकडं होतं, ते आधी सांगायला हवं. लिनक्स नावाची संगणक चालवणारी एक मोफत प्रणाली आहे. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. ठिकठिकाणची हौशी मंडळी एकत्र येतात, तिच्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्राम गोळा करतात, नीट बांधतात आणि सगळा संच लोकांच्या हाती फुकट ठेवतात. या संचाला ती मंडळी डिस्ट्रो म्हणतात आणि त्यातल्या एकेका गाठोड्याला पॅकेज. कुणीही यावं आणि आपलं गाठोडं आत ढकलून जावं, असं चालत नाही. ते योग्यच आहे. आधी एक तपासनीस ते सोडून बघतो, नियमांच्या तक्त्यावर एकेक खूण करतो आणि मगच त्याला आत घेतो. या कामाला पगार नसतो. त्यामुळे सगळी वसुली मानपानातून होते.

काटेकोर हे त्यांचं तिथलं टोपणनाव. ते त्यांनी स्वतःच घेतलेलं होतं. दिवसभर ते एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासत. सही रेषेच्या वर गेली म्हणून परत, शिक्का तिरका बसला म्हणून परत. माणूस खरोखर आजारी होता का, हे बघायला दुसरा विभाग होता. एवढे कागद परत पाठवूनही त्यांचं मन भरत नसे, म्हणून संध्याकाळी घरी येऊन ते डिस्ट्रोची पॅकेजेस परत पाठवत. त्यांच्या हातून एकही पॅकेज पहिल्या फेरीत पास झालेलं नव्हतं, आणि लोक मुलांचे मार्क सांगतात तशा सुरात ते हे सांगत.

घराखाली त्यांच्या बायकोचं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान होतं. दुकानातल्या संगणकात त्यांनी आपली डिस्ट्रो घातली होती. तीही लोकांसाठीची पक्की आवृत्ती नाही, तर मंडळींनी आपापसात चाचणीसाठी ठेवलेली कच्ची. ‘आपण केलेलं आपणच आधी वापरायला हवं,’ असं ते म्हणत. वापरायची मात्र बायको.

आता पूर्णविराम देणाऱ्या बाईंकडे वळू.

बाई अंध मुलांच्या शाळेत गणित शिकवत. शाळेला एका बंद पडलेल्या छापखान्याने ब्रेल छापणारं मशीन दिलं होतं. दणकट, कपाटाएवढं, चालू झालं की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेत. ते जाड कागदावर उठावाची टिंबं पाडतं आणि मुलं ती बोटांनी वाचतात. मशीन धडधाकट होतं, पण ज्या जुन्या संगणकाला जोडलेलं होतं तो मेला. नव्या संगणकात ही डिस्ट्रो होती, आणि या दोघांची भाषा जुळेना. मशीन आणि संगणक यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती, तेव्हा दुभाष्या मागायचा कुणाकडे? बाईंनी लांब सुट्टीत बसून तो स्वतः लिहिला.

लिहिला खरा, पण शाळेच्या संगणकात घालता येईना. मागे एका कारकुनाने कुठून तरी पत्त्यांचा खेळ आणून घातला होता आणि त्याच्याबरोबर आलेल्या किडीने सगळ्या शाळेची हजेरी खाल्ली होती. तेव्हापासून संस्थेचा नियम झाला होता, डिस्ट्रोच्या अधिकृत पक्क्या संचात असेल तेच घालायचं. बाई स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवरून एखादं पान काढून बघायच्या, पण अख्खं पुस्तक काढायचं म्हटलं की तो मध्येच मान टाकायचा. आणि पुस्तक तर हवंच होतं. त्यांच्या वर्गातली एक मुलगी यंदा शाळेची शेवटची परीक्षा देणार होती. बाकीचे विषय ती ऐकून करत होती. इतिहास ऐकून होतो. भूमिती कशी ऐकणार? ‘एक त्रिकोण घ्या, त्याच्या पायावर लंब टाका,’ असं तिला कुणी वाचून दाखवलं की ती विचारायची, "घेते. कुठे आहे?" मग बाई संध्याकाळी पुठ्ठ्यावर गोंदाने दोरा चिकटवून तिला एक आकृती करून देत. ती वाळेपर्यंत दुसरा दिवस. पुस्तकात आकृत्या पानोपानी होत्या.

डिस्ट्रोची नवी पक्की आवृत्ती परीक्षेच्या थोडी आधी निघायची होती. ड्रायव्हर तिच्यात गेला तर पुस्तक निघणार होतं. नाही तर पुढची आवृत्ती निघेपर्यंत मुलगी शाळेतून बाहेर पडलेली असणार होती.

बाईंनी पूर्णविराम काढला.

‘काढला. पुढे?’ एवढंच त्यांचं उत्तर.

काटेकोरांचा दुसरा शेरा आला, ‘ओळींच्या सुरुवातीची रिकामी जागा काही ठिकाणी टॅबने सोडली आहे, काही ठिकाणी स्पेसने. हे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी ध्यानात येण्यासारखं आहे.’

बाईंनी लिहिलं, ‘तेवढा एक मार्ग सोडून दुसरा सांगा. मी जन्मापासून अंध आहे. माझा संगणक मला ओळी वाचून दाखवतो, पण रिकाम्या जागेत तो गप्प असतो.’

हे वाचून काटेकोर उठले, पाणी प्यायले, खिडकीपर्यंत जाऊन आले. मग बसले आणि त्यांनी लिहिलं, ‘नोंद घेतली. तथापि नियम सर्वांना सारखा आहे.’

"काय लिहिलंत?" बायकोने विचारलं. ती दुकान बंद करून वर आली होती आणि त्यांच्या खांद्यावरून वाचत होती.

"मी उलट त्यांना समान वागणूक दिली."

"धन्य आहे तुमची. उद्या त्यांना ठळक अक्षरात लिहा म्हणाल."

बाईंनी रिकाम्या जागा मोजणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, सगळ्या सारख्या केल्या आणि पॅकेज पुन्हा पाठवलं. मग तारखेवर शेरा आला. बदलांच्या नोंदीत एका तारखेपुढे बुधवार लिहिला होता आणि त्या दिवशी मंगळवार होता. ‘बरोबर आहे तुमचं,’ बाईंनी कळवलं, ‘त्या दिवशी मशीनमधून पहिल्यांदा टिंब पडलं. आनंदात वार चुकला.’ मग लायसन्सच्या मजकुरात एका संस्थेचा जुना पत्ता निघाला. त्या पत्त्यावर कुणी पत्र पाठवणार नव्हतं, पण न पाठवायचं पत्रदेखील योग्य पत्त्यावरच न पाठवलं गेलं पाहिजे, असं काटेकोरांचं मत पडलं.

त्यानंतर पॅकेजचं नाव निघालं. नावातले दोन शब्द आडव्या रेघेने जोडायचे की खालच्या रेघेने, हा प्रश्न काटेकोरांनी मंडळींच्या मेलिंग लिस्टवर टाकला. मेलिंग लिस्ट म्हणजे चावडीच, फक्त समोरासमोर बसावं लागत नसल्यामुळे माणसं जास्त शूर होतात. या प्रश्नावर कधी न बोलणारे बोलू लागले. एकाने आडव्या रेघेच्या बाजूने लेख लिहिला. दुसऱ्याने त्याच्या लेखाला मुद्देसूद उत्तर दिलं आणि शेवटी त्याची लायकी काढली. दोन जुन्या मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. ‘मशीन छापतं का?’ असं मात्र कुणी विचारलं नाही.

बाईंनीच मध्ये एकदा कळवलं, ‘मशीन चांगलं छापतं. कुणाला नमुन्याचं पान हवं असेल तर पोस्टाने पाठवते.’

एकाने उत्तर दिलं, ‘पोस्टाचा त्रास कशाला? स्कॅन करून टाका.’

उठावाची टिंबं स्कॅन केली की कोरा कागद दिसतो. बाईंनी तो कोरा कागद पाठवला. त्यावर ‘छान, स्वच्छ आहे’ असा अभिप्राय आला.

शेवटी आडवी रेघ जिंकली. ती सुरुवातीपासून तिथेच होती.

तोवर दिवस थोडे राहिले होते. नवी आवृत्ती वेळेवर बाहेर काढायची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याला सगळे मुकादम म्हणत. त्याने सगळ्यांना कळवलं, ‘फ्रीझ जवळ आलंय, मग नवं काही आत घेणं बंद. एकदा दार लावलं की लावलं, मग माझा सख्खा भाऊ आला तरी उघडणार नाही. रांगेत जे जुनं सडतंय ते आत घ्या नाही तर बाहेर फेका.’

काटेकोरांनी तक्ता भरायला घेतला. वर्णन, रिकाम्या जागा, तारीख, पत्ता, नाव. सगळ्यांपुढे त्यांनी समाधानाने खुणा केल्या. मग एक रकाना आला, ‘यंत्रावर चालवून पाहिले?’ त्याला तीन उत्तरं होती. ‘होय’ म्हणायचं तर यंत्र हवं. ‘नाही’ म्हणायचं तर खाली कारण लिहावं लागे. तिसरं उत्तर होतं ‘लागू नाही’. त्याला काहीच लागत नसे, म्हणून सगळे तेच निवडत. काटेकोरांनीही निवडलं. ब्रेल छापायच्या मशीनचा ड्रायव्हर ब्रेल छापायच्या मशीनवर चालवून पाहणं लागू नाही.

पुढचा रकाना होता, ‘ड्रायव्हर कोणकोणत्या यंत्रांना हात घालतो ते पाहिले?’ त्यांनी बघितलं, ते सांगणारी फाईल होती. योग्य जागी होती, नाव नियमाप्रमाणे होतं, शेवटच्या ओळीनंतर एक ओळ रिकामी सोडलेली होती, जशी सोडायला हवी तशीच. ‘होय,’ त्यांनी खूण केली. फाईलमध्ये काय लिहिलं आहे, ते वाचायचं राहिलं.

पॅकेज पास झालं, कच्च्या आवृत्तीत गेलं आणि ती वापरणाऱ्या सगळ्या संगणकांत आपोआप उतरलं. बाईंनी मुलीला सांगितलं, "आता दोरा-गोंद बंद." मुलगी म्हणाली, "बरं झालं. परवाचा चौकोन माझ्या ओढणीला चिकटला होता."

शनिवारी विमा कंपनीला सुट्टी असे. काटेकोर चहा घेत बसले होते. खालून बायकोची हाक आली.

"अहो! आधी खाली या! तुमच्या संगणकाला झटका आलाय!"

ते खाली गेले. बिल छापायचा छोटा प्रिंटर कागद ओकत होता. पांढरी पट्टी काउंटरवरून खाली, तिथून खुर्चीच्या पायाभोवती, तिथून दाराकडे निघाली होती. एक गिऱ्हाईक पाय उचलून उभं होतं.

"काय केलंस?" काटेकोरांनी विचारलं.

"मी काय करणार? सकाळी चालू केला. यांना एक वही दिली. बिल दाबलं, तर हे सुरू."

"राहू दे बिल," गिऱ्हाईक म्हणालं, "तेवढी वही द्या आणि मला वाट करून द्या."

काटेकोरांनी प्रिंटरची वायर काढली. कागद थांबला. पुन्हा लावली. कागद पुन्हा निघाला, जणू मध्ये दम खायला थांबला होता. त्यांनी वायर काढून ठेवली आणि संगणकाची रोजनिशी उघडली. यंत्र कुणी जोडलं, कुणी उचललं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते वाचत गेले आणि एका ओळीवर त्यांचा चेहरा उतरला. बिलाच्या प्रिंटरला ब्रेलच्या ड्रायव्हरने धरलं होतं. तो त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘नवं पान घे.’ उत्तर येईना म्हणून पुन्हा सांगत होता. बिचारा बिलाचा प्रिंटर आपल्या परीने पान घेत होता.

"काय झालं? असं का बघताय?" बायको म्हणाली.

"काही नाही. एका पॅकेजमध्ये दोष आहे."

"कुणाच्या?"

"त्या बाईंच्या."

यात घडलं होतं ते असं. संगणकाला जोडायच्या प्रत्येक यंत्रात एक चिप असते आणि चिपचा एक नंबर असतो. बाईंनी ड्रायव्हरला सांगितलं होतं, हा नंबर दिसला की ते आपलं मशीन समज. पण ती चिप स्वस्त आणि चांगली. अनेक कारखाने तीच वापरतात. वर्गात नुसतं ‘ए पोरी’ म्हणून हाक मारली तर सगळ्याच मुली उठून उभ्या राहायच्या. नाव घेऊन हाक मारावी लागते. ब्रेलच्या मशीनच्या पोटात कंपनीने त्याचं स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं. ते नाव विचारायची एक ओळ ड्रायव्हरमध्ये हवी होती. ती नव्हती.

काटेकोरांनी हे बायकोला समजावून सांगितलं. ती कागदाची गुंडाळी करता करता ऐकत होती.

"म्हणजे चुकलं बाईंचंच."

"तेच म्हणतोय मी!"

"आणि ही फाईल तुम्ही तपासली होती?"

"तपासली होती म्हणजे… फाईल होती. जागेवर होती."

"आत बघितलं नव्हतं."

"अगं, तिची शेवटची ओळ अगदी नियमात होती."

बायकोने गुंडाळी काउंटरवर ठेवली. "अहो, गिऱ्हाईकाने झेरॉक्सला कागद दिला आणि मी त्याच्या कडा बघून परत दिला, तर दुकान किती दिवस चालेल?"

काटेकोर वर गेले आणि दोषाची नोंद लिहायला बसले. इथे मंडळींचा एक नियम होता. दार लागायच्या तोंडावर दोष सापडला तर तो कुणाचा ते लिहावं लागे. सादर करणाऱ्याचा असेल तर पॅकेज बाहेर, पुढच्या आवृत्तीसाठी नव्याने रांगेत. तपासणीतला असेल, म्हणजे तपासनिसाने न बघता खूण केली असेल, तर दुरुस्ती लगेच आत घेत. कारण सादर करणाऱ्याने नियम पाळलेला असतो, त्याला शिक्षा कशाला? मात्र तपासनिसाचं नाव पुढची आवृत्ती निघेपर्यंत तपासनिसांतून काढत. हा दुसरा रस्ता आजवर कुणीही धरला नव्हता. त्यावरून आपले सगळे तपासनीस अचूक आहेत हे सिद्ध होतं, असं काटेकोरच एकदा मेलिंग लिस्टवर म्हणाले होते. दार सोमवारी लागणार होतं.

त्यांनी ‘सादरकर्त्याचा दोष’ यावर खूण केली. नोंद अजून पाठवली नव्हती, तेवढ्यात बायको वर आली आणि तिने स्क्रीनकडे बघितलं.

"त्या बाईंना विचारलंत?"

"विचारायचं काय? दोष तर आहेच."

"टिंबासाठी महिनेच्या महिने पत्रं लिहिलीत त्यांना. आता त्यांचं सगळं काम बाहेर फेकताय, तर एक फोन करा. त्यांच्या पत्राखाली शाळेचा नंबर असतो, मी बघितलाय. मी इथेच बसते."

ती बसली. काटेकोरांनी फोन लावला. पलीकडे मुलांचा गोंगाट, मग एक शांत आवाज.

"कोण?"

"मी… काटेकोर. डिस्ट्रोतून."

"अरे वा! काटेकोरराव! बोला. कुठे स्वल्पविराम राहिला का?"

काटेकोरांनी प्रिंटरचं सांगितलं. कागदाचं जरा कमी करून सांगितलं.

"हो," त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. नाव विचारायला हवं होतं. माझ्याकडे एकच मशीन, दुसरं काही कधी जोडलंच नाही, म्हणून लक्षात आलं नाही. वाईट वाटतं, तुमच्या दुकानाचा कागद फुकट गेला."

भांडणाची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्याने आधीच चूक मान्य केली की फार अडचण होते. काटेकोर म्हणाले, "तसं… नियमाप्रमाणे पॅकेज बाहेर काढावं लागेल. पुढच्या आवृत्तीत बघू."

"बरं."

"तुमची हरकत नाही ना?"

"हरकत घेऊन काय होणार? फक्त एक काम करा. माझी विद्यार्थिनी इथे शेजारीच बसलीय. या पुस्तकासाठी थांबलीय ती. मुलांना नुसतं ‘नाही’ सांगून चालत नाही, कारण सांगावं लागतं. मी सांगितलं तर तिला वाटेल बाई सारवासारव करतायत. तुम्ही सांगा. फोन मोठ्याने लावते."

"मी? अहो, मी काय…"

"सांगा हो. सोपं करून सांगा, म्हणजे झालं."

काटेकोरांनी घसा साफ केला. "हे बघ बाळ, सादरकर्त्याकडून यंत्र-ओळख निकषात त्रुटी राहिल्यामुळे प्रस्तुत पॅकेज…"

"काका," मुलीचा आवाज आला, "सोपं करून."

"बरं. म्हणजे, बाईंच्या ड्रायव्हरने चुकीचं मशीन धरलं. आमच्या दुकानातलं बिलाचं."

"मग बाई ते दुरुस्त करतील. त्यांना येतं."

"करतील. एका ओळीचं काम आहे. पण दार सोमवारी लागतं आणि आता दोष सापडला की नियमाने पुन्हा तपासणी."

"पण तपासणी झाली होती ना? तुम्ही पास केलं होतं. बाईंनी आम्हाला चॉकलेटं दिली होती."

"झाली होती."

"मग तेव्हा कसं नाही सापडलं?"

"तेव्हा… ते मशीन माझ्याकडे नाहीये ना, बाळ."

"बिलाचं होतं की. त्यातच सापडलं ना आता?"

काटेकोरांनी बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"ती जी फाईल होती," ते म्हणाले, "ती मी… तिच्यावर बरोबरची खूण केली होती."

"वाचून?"

पलीकडे कुणीतरी बाक सरकवला.

"न वाचता," काटेकोर म्हणाले.

"हां," मुलगी म्हणाली. तिला कारण कळलं होतं. "म्हणजे बाईंचं पण चुकलं आणि तुमचं पण चुकलं. आणि पुस्तक माझं गेलं."

"जास्त बोलू नकोस," बाई तिला म्हणाल्या, पण आवाजात रागावणं नव्हतं. मग फोनवर, "काटेकोरराव, छान सांगितलंत. इतकं सोपं करून सांगणं सगळ्यांना जमत नाही. मी आजच दुरुस्ती करून ठेवते, कधी घ्यायची ते तुम्ही ठरवा."

फोन ठेवून काटेकोर बसून राहिले. त्यांचा राग आधी मुलीवर आला, मग बाईंवर, मग बिलाच्या प्रिंटरवर. पण तो कुणावरच टिकेना.

"पुढची आवृत्ती निघेपर्यंत मला बाहेर बसवतील," ते म्हणाले.

"मग बसा की. संध्याकाळी दुकानात मदत करा. कडा नीट कापता तुम्ही."

"तुला चेष्टा सुचतेय. अगं, या नावावर लोक मला ओळखतात."

"कोण ओळखतात? रेघेवरून भांडले ते?"

काटेकोरांनी नोंद पुन्हा उघडली, आधीची खूण काढली आणि दुसरीकडे केली. खाली स्पष्टीकरण लिहायची जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं, ‘उपरोक्त तक्त्यातील संबंधित रकान्याच्या पडताळणीप्रसंगी अधोहस्ताक्षरकर्त्याकडून अनवधानाने’ आणि ते थांबले.

"सोपं करून," बायको म्हणाली.

त्यांनी ते खोडलं. लिहिलं, ‘फाईल न वाचता मी होय म्हटलं.’ आणि पाठवून दिलं.

रविवारी दुरुस्ती आली. नाव विचारायची ती एक ओळ. काटेकोरांनी तिच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागा बघितल्या नाहीत असं म्हणता येणार नाही, पण बघून ते गप्प बसले आणि दुकानात जाऊन बिलाचा प्रिंटर जोडला. पलीकडे शाळेत बाईंनी लॅपटॉपला मशीन जोडलं. फोन मध्ये चालू.

"तुमचं काय?" बाईंनी विचारलं.

"गप्प आहे. बिल देतंय."

फोनमधून मोठा धडधडाट ऐकू आला. "आमचं बोलतंय," बाई म्हणाल्या.

काटेकोरांनी ‘यंत्रावर चालवून पाहिले?’ या रकान्यात ‘होय’ लिहिलं. डिस्ट्रोच्या स्थापनेपासून तिथे ‘होय’ लिहिणारे ते पहिलेच, आणि तेही तपासनीसपण जायच्या आदल्या दिवशी. मुकादमाने दुरुस्ती आत घेतली, काटेकोरांचं नाव बाहेर काढलं आणि दार लावलं.

मेलिंग लिस्टवर मात्र मोठा गहिवर उसळला. काटेकोरांच्या प्रामाणिकपणावर जो तो लिहू लागला. ज्याने पानाचा स्कॅन मागितला होता त्याने ‘अशी माणसं आहेत म्हणून आपली डिस्ट्रो आहे’ असं लिहिलं. बोलणं टाकलेले ते दोन मित्र या निमित्ताने पुन्हा बोलू लागले आणि हा प्रामाणिकपणा थोर की अतिथोर यावरून पुन्हा बिनसले. ड्रायव्हरबद्दल कुणी काही लिहिलं नाही. पुन्हा असं घडू नये म्हणून एक समिती नेमली गेली. समितीने खूप विचार करून ठरवलं की यापुढे ‘लागू नाही’ असं नुसतं लिहिता येणार नाही, त्याचं कारणही लिहावं लागेल. पुढच्या आठवड्यापासून सगळे तपासनीस लिहू लागले, ‘लागू नाही. कारण, यंत्र उपलब्ध नाही.’ समितीने सुधारणेबद्दल समाधान व्यक्त केलं.

पक्की आवृत्ती निघाली. शाळेच्या संगणकात ती घातली गेली आणि भूमितीचं पुस्तक छापून झालं. जाड, कपाटात उभं न मावणारं. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी त्या दिवसांत कानात कापूस घातला होता.

परीक्षेच्या आधी पॅकेजच्या पानावर बाईंचा निरोप आला. तपासणी संपलेली होती, तिथे आता कुणी फिरकत नव्हतं. काटेकोर मात्र रोज एकदा उघडून बघत.

‘काटेकोरराव,’ बाईंनी लिहिलं होतं, ‘पुस्तक तिच्या हातात आहे. त्रिकोण सापडला, लंबही सापडला. प्रमेय अजून डोक्यात शिरत नाही म्हणते. तिला म्हटलं, त्याला ड्रायव्हर नसतो, ते माझं काम. रोज संध्याकाळी बसतोय.’

काटेकोरांनी उत्तर लिहिलं, ‘कुठलं प्रमेय?’ मग त्यांनी माळ्यावरून शाळेचं जुनं पुस्तक काढलं आणि खाली दुकानात बायकोशेजारी बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, ते वाचायला लागले.